जिभेखालचा मोती

नुसती पाठ टेकायची, एवढंच मालनच्या मनात आहे. झोपायचं नाही. मंगळवारची दुपार आहे. परसातल्या कढीलिंबावर ऊन येऊन बसलंय, सून प्राजक्ता आतल्या खोलीत आईशी फोनवर हळू आवाजात बोलतेय, आणि कामाच्या पाटाजवळ ओल्या मलमलीवर एक नथ निथळत पडलीय. सात मोती, मधोमध एक माणिक. वेणूताई जगदाळ्यांची नथ. रविवारी त्यांच्या नातीचं लग्न आहे, आणि नवरी हीच नथ घालणार आहे.

त्या नथीकडे पाठ करून मालन चटईवर पडलीय. मुद्दाम.

सकाळीच तिनं नथ धुतली. रिठ्याचं सौम्य पाणी, तेही गार. मऊ कुंचला. माणकाच्या मागच्या कोंदणात पावडर आणि घाम बसून काळं झालेलं, ते हलक्या हातानं काढलं. मोत्याला न्हाऊ घातलं की मोती जागा होतो. सहा मोती जागे झालेही, दुधावरच्या सायीसारखे. सातवा होता तसाच राहिला. तो आधी मळलाही नव्हता. पाणी त्याच्यावर ठरलंच नाही, ओळख नसल्यासारखं घरंगळून गेलं.

मोती ओवणाऱ्या पटवेकऱ्यांच्या घरात मोती पारखायला भिंग लागत नाही. समोरच्या दातावर हळूच घासायचा. खरा असेल तर बारीक वाळूगत खरखरतो, काचेचा असेल तर नुसता सरकतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं एवढ्या वेळाचं काम. मालननं ते अकरा महिन्यांपूर्वी टाळलं होतं, आणि आजही नथ दातापर्यंत नेऊन खाली ठेवली.

अकरा महिन्यांपूर्वी गोदाक्का गेल्या. तिच्या थोरल्या जाऊबाई. विशीत कपाळ मोकळं झालेलं, मूलबाळ नाही, आणि हातात अशी कला की साताऱ्यातल्या निम्म्या घरांचे मोती त्यांच्या बोटांना ओळखत होते. मालन लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी गाठ मारता येत नव्हती. आक्कांनी शिकवलं. गालात सदा पान, त्यामुळे बोलणं जरा बोबडं. वेणूताई जगदाळे चेष्टेनं म्हणायच्या, "गोदी बोलायला लागली की वाटतं, तोंडात मोती धरून बोलतेय."

त्या दिवशी हीच नथ पाटावर सुटी करून ठेवलेली होती. सोन्याची तार झिजली होती, म्हणून. खरे सात मोती ओल्या मलमलीत गुंडाळलेले, आणि पाटावर त्याच मापाचे काचेचे मणी मांडलेले, नथीचा बाक कसा बसतो ते बघायला. आक्कांची ती रीतच होती. "परक्याचा मोती गरजेपुरताच हाताळावा गं," म्हणायच्या. सकाळी मालन चहा घेऊन गेली तर आक्का पाटाशीच भिंतीला टेकून बसलेल्या. डोळे मिटलेले. एक मोती मलमलीतून काढून हातात घेतला असावा, तो बोटांतून सुटून पाटावर पडला होता की नाही, हे कोण सांगणार? मालननं तेव्हा पाटाकडे बघितलंच नाही.

मग घर भरलं. मेलेल्या माणसाच्या तोंडात पंचरत्न ठेवतात, त्याची पुडी आणायला कुणीतरी निघालं, तर शेजारच्या चंपूताईंनी वाट अडवली. "पटवेकऱ्याच्या घरात पुडीतला मोती? जन्मभर मोती ओवले बाईनं! घरातला घाला की!" मालन डोळ्यांतलं पाणी न पुसताच पाटाशी गेली आणि हाताला आला तो उचलून आणला. तुळशीचं पान, सोन्याचा मणी आणि मोती. "आक्का, तोंड उघडा," असंसुद्धा म्हणाली ती. ओठ दोन बोटांनी विलग केले आणि जिभेखाली ठेवला.

चौदाव्या दिवशी नथ ओवायला बसली, तर मलमलीत मोती सहाच. सातवा पाटावर, काचेच्या मण्यांच्या रांगेत जरा बाजूला सरकलेला. हाच तो, घरंगळला असेल, असं मन म्हणालं. हातांनी लगेच ओवून टाकला. दाताला लावला नाही. लावला असता तर दोन्हींपैकी एक तरी कळलं असतं. हा खरा, तर जन्मभर मोती ओवणाऱ्या बाईला काच देऊन वाटेला लावलं. हा खोटा, तर परक्याच्या नथीतला मोती माहुलीच्या घाटावर आक्कांच्या चितेत जाळला. न कळलेलंच बरं, असं तिनं ठरवलं. नथ गेली. आज लग्नासाठी धुवायला परत आली.

आता फक्त पाठ टेकायची.

प्राजक्ताचा आवाज आतून येतोय, शब्द कळत नाहीत, नुसती गुणगुण. गुणगुण लांबते. तिला चाल लागते. रिठ्याचा वास दाट होतो. ही चाल मालनच्या ओळखीची आहे, पण प्राजक्ताला कुठून येणार?

*पहिली माझी ओवी, मोतियांच्या न्हाणीला,*
*ऊन लागू देऊ नये, बाई, कोवळ्या राणीला.*

*दुसरी माझी ओवी, चिंच-लिंबू ठेवा दूर,*
*आंबट लागता बाई, उतरे मोतियाचा नूर.*

मालन कूस बदलते. पाटाशी आक्का बसल्यात. नेसूचं लुगडं जांभळं, पदर खांद्यावर, गुडघा उभा. नथ त्यांच्या हातात आहे.

"पाणी गार घेतलंस ना?"

"गारच घेतलं, आक्का."

"माणकाच्या मागं ब्रश फिरवलास?"

"फिरवला."

"जोर लावून?"

"नाही ओ. तुमचीच शिकवण ना."

"माझी शिकवण!" आक्का हसतात. बोलणं बोबडं, नेहमीपेक्षा जास्तच. "मागं त्या डॉक्टरीणबाईचा पाचू गरम पाण्यात बुडवलास, तीपण माझीच शिकवण का? बिचाऱ्याला तेल पाजलेलं होतं, सगळं तेल ओकून पांढरा पडला. पंधरा दिवस तोंड लपवून हिंडत होतीस."

"आक्का, किती वर्षं झाली त्याला. सोडा की आता."

मालन उठून बसते. किती बरं वाटतंय. पाटाशी दोघी, मध्ये पाण्याची वाटी, आणि आक्कांचा रागावण्याचा आव. किती दिवसांत अशा बसलो नाही, असं ती म्हणणार, तोच तिचं लक्ष आक्कांच्या ओठांकडे जातं.

ओठाच्या कोपऱ्यात तुळशीचं पान चिकटलंय. हिरवंगार.

मालन कशीबशी म्हणते, "आक्का, तुम्ही तर..."

"अगं, हळू," आक्का म्हणतात. "वाटी सांडेल."

वाटी सांडते. पाणी पाटावरून फरशीवर, फरशीवरून उंबऱ्याबाहेर, आणि उंबऱ्याबाहेर माहुलीचा घाट आहे. पायऱ्यांवर बायका बसल्यात, ओळीनं, हातात मलमलीचे तुकडे. कुणी बोलत नाही. जी ती काहीतरी इवलंसं पुसतेय. नदी वाटीएवढीच उथळ आहे आणि पलीकडचा काठ दिसत नाही.

"हे काय चाललंय?" मालन विचारते. ती पाण्यात उभी आहे आणि तिचे पाय कोरडे आहेत.

"धुणं," आक्का म्हणतात. "पलीकडं जाताना तोंड उघडून दाखवायचं असतं. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या जिभेवर. बघतात आणि सोडतात."

"मग तुम्ही अजून इथं?"

आक्का गालात पान सारावं तशी जीभ फिरवतात, आणि दातांशी काहीतरी बारीक टकटकतं. तो आवाज मालनला पाठीच्या कण्यात ऐकू येतो.

"आक्का, काय आहे तोंडात?"

"तूच ठेवलंस आणि मला विचारतेस?"

घाट नाही. मांडव आहे. केळीचे खांब, जमखाना, अत्तराचा घमघमाट. बायका गर्दीनं बसल्यात, सगळ्यांच्या नाकांत नथी, आणि आक्का एकीकडून दुसरीकडे हिंडत प्रत्येकीची नथ मलमलीनं टिपतायत. "अत्तर आधी लावावं, मोती मागनं घालावा," त्या पुटपुटतात. "कुणाला सांगून उपयोग नाही." वेणूताई दारात उभ्या आहेत, हातात हळदीकुंकवाचं तबक.

"मालन, नथ नीट बघून दिलीस ना गं?" वेणूताई विचारतात. अगदी प्रेमानं. "माझ्या आईची आहे. तिच्या नाकातली ऊब अजून त्या मोत्यांत आहे, असं मी पोरीला सांगितलंय."

"दिली, ताई," मालन म्हणते. खोटं बोलताना तिचे दात दुखतात.

नवरी मान वर करते. नाकात नथ आहे. सहा मोती, एक माणिक, आणि सातव्याच्या जागी उघडी तार. तारेच्या टोकावर रक्ताचा बारीक थेंब. आणि मुंडावळ्यांखाली तोंड आहे ते आक्कांचं.

मालन मागे सरते. मागे भिंत आहे, आपल्याच घराची, दिनदर्शिका लावलेली. मांडव गेलाय. पाट आहे, वाटी आहे, आक्का आहेत. इतक्या जवळ की त्यांच्या अंगाची धग लागतेय. चुलीजवळ बसल्यासारखी.

"भ्यायलीस?"

"हो."

"भी. मीपण भ्याले होते." आक्कांचा आवाज खाली येतो. "डोळे मिटल्यावर जिभेखाली लागला तो मला, तेव्हाच ओळखला. तीस वर्षांत पाचदा धुतलाय मी तो मोती, ओळखणार नाही? म्हटलं, पोरीनं घाईत वेणूचा घातला. आता काय करू? गिळू?"

"आक्का..."

"परक्याची वस्तू कामाला आलेली. ती कोण पोटात घालतं का? ती धुऊन परत द्यायची असते. म्हणून धरून ठेवला. अकरा महिने झाले, मालन. जीभ हलवली नाही धड. कोरडा पडू दिला नाही. ओल्या मलमलीत ठेवावा तसा ठेवलाय. तिकडून हाका मारतात, गोदाबाई, तोंड उघडा. मी उघडत नाही. लोकांचा मोती जिभेवर दाखवून पार व्हायचं? त्यापेक्षा बसेन घाटावर."

मालनला रडू फुटतं. "मला वाटलं, तुम्हाला काच दिली. मला वाटलं, तसंच असू दे. तुम्ही मला माफ कराल, पण वेणूताई नाही करणार, म्हणून..."

"म्हणून माझ्या तोंडात काच असलेली तुला चालली." आक्का हे रागानं म्हणत नाहीत. कापडाचा मळ दाखवावा तसं म्हणतात. "ते जाऊ दे. जळक्या घरातला तन्मणी आला होता आपल्याकडं, आठवतो? काय दाखवलं होतं मी तुला?"

"काच आगीत गेली की गोळी होते."

"आणि मोती?"

मालनला उत्तर माहीत आहे.

"हात धू," आक्का म्हणतात.

"काय?"

"हात धू म्हटलं. पान लागलेल्या हातानं मोती घेत नाहीत."

"मी पान कुठं खाते, आक्का!"

"मग बोटं नकोतच. भाजतील." आक्का दोन बोटं आपल्या तोंडात घालतात. जिभेखालून काहीतरी काढतात. ते पांढरं आहे, इतकं पांढरं की त्याच्याकडं बघवत नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं बोलणं स्वच्छ येतं, एकही अक्षर अडकत नाही. "मालन, तोंड उघड."

अगदी तसंच. त्याच आवाजात, त्याच मायेनं. दोन बोटांनी मालनचे ओठ विलग होतात, आणि मोती तिच्या समोरच्या दातावर फिरतो.

खरखर. बारीक, स्वच्छ, वाळूसारखी. खरा आहे. देवा, खरा आहे.

"कळलं?" आक्का विचारतात. त्या उठल्यात. पदर खोचतायत. उंबऱ्यापलीकडं पाणी आहे आणि आता पलीकडचा काठ दिसतोय, अगदी जवळ, परसाएवढा. "मी मोकळी झाले. आता तू धरून बसू नको."

मालन हाक मारायला तोंड उघडते, आणि जिभेवर मोती फुटतो. चुरा होतो. पेट घेतल्यासारखी जीभ भाजते.

"आई! आई, काय झालं? ओरडताय कशाला?"

प्राजक्ता दारात आहे. कढीलिंबावरचं ऊन जागचं हललंसुद्धा नाही. मालन उठून बसलीय, दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांतून पाणी.

"तोंड उघडा बघू." प्राजक्ता गुडघ्यावर बसते, तिची हनुवटी उजेडाकडे वळवते, आणि गप्प होते. "आई, जीभ केवढी पोळलीय! आणि हे पांढरं काय आहे?" ती करंगळीनं दातावरचं टिपते, बोटांत चोळते, वास घेते. "चुना आहे हा. झोपेत आक्कांचा डबा उघडलात की काय?"

तीच धावत जाऊन कोनाड्यातला पानाचा डबा आणते. झाकणावर धूळ आहे. आत अडकित्ता, वाळलेली सुपारी, आणि चुन्याची डबी. डबीतला चुना दगडासारखा वाळलाय, आणि त्यात आक्कांच्या बोटाचा शेवटचा ठसा जसाच्या तसा आहे. कुणी त्याला हात लावलेला नाही.

प्राजक्ता डबी परत मिटते.

"मग हा आला कुठून?" ती हळूच विचारते.

काच आगीत गेली की गोळी होते. मोत्याचा चुना होतो. चटईवरून पाटापर्यंत दोन हातांचं अंतर आहे, मालन ते गुडघ्यांवर सरकत पार करते. मलमलीवरची नथ उचलते. सातवा मोती समोरच्या दाताला लावते.

सरकतो. पाण्यावरून पान सरकावं तसा, कुठंही न अडता.

ती नथ परत मलमलीवर ठेवते. मग पाटाजवळच्या पेटीतून आक्कांच्या कुड्या काढते. आक्का त्या मालनच्या नावानं ठेवून गेल्या होत्या. नथीसारखेच बसऱ्याचे मोती, त्यातला एक माप जुळण्यासारखा. तो वेणूताईंना चालेल की नाही, ते वेणूताई ठरवतील. तोंडावर दार लावायचं की नाही, तेही त्याच. लग्नघरी आईचा मोती नाही असं सांगणं सोपं नसतं. कुड्या ती नथीशेजारी मलमलीवर ठेवते, आणि हात पुढे करते.

"प्राजू, तुझा फोन दे."

शब्द वेडेवाकडे येतात. जीभ वळत नाही, अक्षरं गालात अडकतात.

पलीकडं घंटी वाजते. लग्नघराचा गलबला ऐकू येतो, कुणीतरी हसतंय, भांडी आपटतायत.

"हॅलो?" वेणूताईंचा आवाज.

"ताई, नथीबद्दल बोलायचं होतं," मालन म्हणते. "तुमचा सातवा मोती..."

पलीकडं वेणूताई एकदम थांबतात. मग हळूच, दबकून, आवाज येतो.

"कोण बोलतंय? गोदी?"

मालनच्या तोंडात चुन्याची चव आहे. जीभ अजून पेटलेली आहे.

"मालन आहे, ताई," ती बोबडं बोलते. "पण सांगायचं आहे ते आक्कांनी पाठवलंय. तुमचा मोती त्यांच्या तोंडात होता. माझ्या हातानं गेला. नथीतला काचेचा आहे."